एकच संध्याकाळ आहे: वॉशिंग्टनसाठी की गावच्या सभेसाठी?

न्यू जर्सीत भाड्याने राहणाऱ्या मराठी माणसाकडे घरभाड्याच्या प्रश्नावर धडपडायला महिन्यातून एखादी संध्याकाळ मिळते. ती परवडणाऱ्या घरांसाठी केंद्राचा निधी वाढवा, म्हणून अमेरिकी काँग्रेसमधल्या (तिथल्या संसदेतल्या) आपल्या प्रतिनिधीचा पिच्छा पुरवण्यात घालवावी, की गावाच्या भाडेनियंत्रणासाठी नगर परिषदेत बोलण्यात? ‘दोन्ही करा’ हे उत्तर फुकटचं आहे.

केंद्राची मोठी मदत म्हणजे सेक्शन ८ चं व्हाउचर. १९७४ पासून चालत आलेली योजना. कुटुंबाने उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे, उरलेलं सरकार घरमालकाला देतं. नोकरी गेली तर आपला वाटाही उतरतो; भाडेनियंत्रणात ही सोय नाही. पण व्हाउचर हक्काचं नसतं. काँग्रेस दरवर्षी मंजूर करील तेवढंच. पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकालाच केंद्राची भाडे-मदत मिळते, बाकीचे यादीत वर्षानुवर्षं ताटकळतात. शिवाय भाडी चढली की तेवढ्याच पैशात कमी कुटुंबं बसतात. ‘निधी कायम ठेवला’ अशी बातमी आली, की ती कपातीची समजावी.

परवडणारी नवी घरं बांधणाऱ्यांना करात सूट देणारी केंद्राची १९८६ ची योजनाही आहे. तिथे भाड्याची कमाल मर्यादा परिसरातल्या मध्यम उत्पन्नावरून ठरते, त्यामुळे तुमचा पगार थांबला तरी भाडं उतरत नाही.

आता कायदा. न्यू जर्सीत राज्यभर लागू अशी भाडेवाढीची मर्यादा नाही; शंभरावर गावांचे आपापले नियम आहेत. नव्या इमारतींना ३० वर्षांपर्यंत सूट मिळू शकते, म्हणून आधी आपली इमारत कधीची ते बघा. राज्याचा १९७४ चा कायदा मात्र भक्कम आहे: नुसता करार संपला म्हणून मालक बाहेर काढू शकत नाही, कायद्यात दिलेलं कारण लागतं. मालक स्वतः राहतो अशी लहान घरं यातून वगळली आहेत.

भाडेनियंत्रण म्हटलं की आपल्याला मुंबईची पागडी आठवते. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतलं आणि चाळी खचल्या. इथले नियम सहसा दरवर्षी थोडी वाढ देतात. तरी आखणी चुकली की फटका बसतोच. मिनेसोटातल्या सेंट पॉलने २०२१ मध्ये नव्या बांधकामालाही ३ टक्के भाडेवाढीची मर्यादा लावली. बांधकाम परवाने घसरले आणि पुढच्याच वर्षी २० वर्षांची सूट द्यावी लागली.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला व्हाउचर मिळत नाही. भाडेकरूचं संरक्षण व्हिसा विचारत नाही, आणि नगर परिषदेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. भाडेवाढीची नोटीस हातात असेल तर संध्याकाळ गावालाच द्या. मीही तेच करीन.

घरात ग्रीन कार्डवरचे कमी उत्पन्नाचे आईबाबा असतील तर पारडं फिरतं; ते केंद्राच्या मदतीसाठी अर्ज करू शकतात. केंद्राचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, तेव्हा उन्हाळ्याच्या आधीच प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन लावा. ‘घरं परवडत नाहीत’ हे गाऱ्हाणं ते रोज ऐकतात. ‘चालू व्हाउचरांच्या नूतनीकरणाला पूर्ण पैसे द्या’ एवढंच सांगा आणि आपला पिनकोड, म्हणजे झिपकोड, द्या.