अमेरिकेतल्या रुग्णालयांची दुभाषी सेवा: मराठी आई-वडिलांसाठी कितपत कामाची?

अमेरिकेतल्या रुग्णालयात इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला दुभाषी मिळतो. कधी फोनच्या स्पीकरवर, तर कधी चाकांच्या स्टँडवर लावलेल्या टॅबलेटवर. त्याचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. तरीही मुलांकडे राहायला आलेल्या कितीतरी आई-वडिलांच्या बाबतीत ही सेवा मागितलीच जात नाही. 'मुलगा आहे ना सोबत' एवढ्यावर विषय संपतो. ही सेवा घ्यावीच, असं माझं ठाम मत आहे. पाचपैकी गुण द्यायचे तर व्हिडिओला चार, फोनला तीन. कापलेले गुण कुठे गेले ते पुढे येईलच. त्यातले बरेचसे थोडी तयारी केली तर परत मिळवता येतात.

आधी हक्काचं बोलू, कारण संकोच तिथेच असतो. 2010 च्या आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 1557 नुसार केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयाने पात्र दुभाषी मोफत द्यायचा असतो. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजनांचे पैसे घेणारी रुग्णालयं यात आली. 'तुमचा माणूस तुम्हीच आणा' असं त्यांना म्हणता येत नाही. अल्पवयीन नातवंडांकडून भाषांतर करून घ्यायला परवानगी आहे ती फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगी, तीही खरा दुभाषी मिळेपर्यंत. मार्च 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी अधिकृत भाषा झाली आणि भाषासाहाय्याचा 2000 सालचा आदेश रद्द झाला, त्यावरून बराच गोंधळ आहे. पण कलम 1557 हा संसदेचा कायदा आहे, तो त्या आदेशाने रद्द झालेला नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्यांनीही दुभाषी मागायला कचरू नये. भिंतीवरच्या भाषांच्या फलकात मराठी दिसली नाही तरी हक्क कमी होत नाही.

आता प्रत्यक्ष वापर. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: 'भाषा मराठी, दुभाषी लागेल.' नोंदणीच्या काउंटरवर पुन्हा विचारा की चार्टमध्ये, म्हणजे रुग्णाच्या नोंदीत, भाषा नेमकी काय लिहिलीय. भारतीय नाव पाहून 'हिंदी' नोंदवलं जाण्याची शक्यता असते, आणि आपले लोकही 'चालेल हो हिंदी' म्हणून मोकळे होतात. दुकानात चालेल, दवाखान्यात चालत नाही. 'छातीत कळ येते' यातला 'कळ' हिंदी कानाला 'कल' वाटू शकतो, म्हणजे काल किंवा उद्या. 'घाम' म्हणजे हिंदीच्या काही बोलींत ऊन. छातीत कळ आणि दरदरून घाम ही दोन लक्षणं हरवली तर उरलं काय? मराठी दुभाषी स्पॅनिशसारखा चटकन मिळेलच असं नाही, म्हणून आधी कळवणं महत्त्वाचं.

मराठी दुभाषी मिळाला की काम संपलं, असंही नाही. वैद्यकीय दुभाष्यांसाठी अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणपत्रं आहेत, पण भाषेची तोंडी परीक्षा स्पॅनिश, मँडरिन, अरबी अशा मोजक्या भाषांतच होते. मराठीच्या दुभाष्याला इंग्रजीतून घेतलेली सर्वसाधारण परीक्षा देता येते. नीतिनियम आणि वैद्यकीय शब्द त्यात तपासले जातात, त्याची मराठी तपासली जात नाही. म्हणून दर्जा माणसागणिक बदलतो. व्हिडिओचा आणि फोनचा एकेक गुण मी इथेच कापला.

सगळ्यात धोक्याचा शब्द 'पित्त'. आई म्हणते, 'त्या गोळीने मला पित्त उठलं होतं.' तिला म्हणायचंय की अंगावर गांधी आल्या, खाज सुटली. शहरात वाढलेला तरुण दुभाषी 'पित्त' म्हणजे ॲसिडिटी समजतो आणि डॉक्टर चार्टमध्ये 'गोळीने जळजळ' असं लिहितात. गोळी पेनिसिलिनची असेल तर ॲलर्जीची नोंद झालीच नाही, आणि पुढच्या वेळी तेच औषध पुन्हा दिलं जाऊ शकतं. 'उन्हाळी लागली' हे ऋतूबद्दल नाही, लघवीच्या जळजळीबद्दल आहे. 'घाबरल्यासारखं होतंय' यात मनाची भीती कमी आणि छातीतली धडधड जास्त असते. असे शब्द घरीच सोडवून घ्या: कुठे, कधीपासून, काय दिसतं, किती वेळ टिकतं. 'अंगावर लाल गांधी आल्या, गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात' असं सांगितलं की चूक व्हायला जागाच राहत नाही.

एका शब्दाने किती नुकसान होतं याचं फ्लोरिडातलं 1980 चं उदाहरण वैद्यकीय दुभाष्यांच्या प्रशिक्षणात आजही सांगतात. अठरा वर्षांचा मुलगा बेशुद्ध झाला. स्पॅनिश बोलणाऱ्या घरच्यांनी 'इन्टॉक्सिकादो' म्हटलं, म्हणजे खाण्यातून काही बाधलं. रुग्णालयाने नशेचा अतिरेक असा अर्थ लावला. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

बोलताना दोन-तीन वाक्यांनंतर थांबा. डॉक्टरांकडे पाहून बोला, यंत्राकडे नाही. दुभाषी 'मला दुखतंय' असं रुग्णाच्याच तोंडून बोलावं तसं बोलतो, त्याने आई-वडील गोंधळतात, तेव्हा आधी सांगून ठेवा. सुरुवातीला दुभाषी स्वतःचा ओळख क्रमांक सांगतो, तो तारखेसह लिहून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर तोच लागतो. तक्रार आधी रुग्णालयाच्या रुग्ण-साहाय्य विभागात, नंतर केंद्रीय आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयात, घटनेपासून 180 दिवसांच्या आत.

फोनचा दुसरा गुण गेला तो संमतिपत्राच्या वेळी उघड्या पडणाऱ्या मर्यादेमुळे. फोनवरच्या माणसाला कागद दिसत नाही. नर्सने तो ओळीओळीने वाचायला हवा, तरच त्याचं मराठी होईल. 'साधारण काय ते सांगा' यावर सही करू नका. शस्त्रक्रिया, कर्करोगाचं निदान, मानसिक आजार, यासाठी व्हिडिओचाच आग्रह धरा. ऐकू कमी येत असेल तर हेडफोन मागा.

स्थलांतरितांच्या कथा सांगणाऱ्या चित्रपटांत आजी दोन मिनिटं बोलते, नातू एका वाक्यात उरकतो आणि प्रेक्षक हसतात. खऱ्या तपासणीच्या खोलीत गळतात ती नेमकी महत्त्वाची वाक्यं. मुलासमोर आई गर्भाशयाबद्दल बोलत नाही, वडील लघवीबद्दल बोलत नाहीत, आणि मुलगाही वाईट बातमी पूर्ण सांगत नाही. मुलांनी सोबत जरूर असावं, भाषांतर मात्र दुभाष्यावर सोडावं.

डिस्चार्जच्या वेळी हमखास घाई होते आणि दुभाष्याला पुन्हा जोडायचं राहून जातं. औषधांची माहिती तिथेच मिळते, म्हणून जोडायला लावाच. खरखरत्या लाइनवर 'दिवसाआड' आणि 'दिवसाला' सारखंच ऐकू येतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीत एवढा फरक महागात पडतो. 'सत्तावीस' आणि 'सदतीस' यांचंही तेच, म्हणून आकडे सुटे करून घ्या: दोन-सात, तीन-सात. मग आई-वडिलांनाच सांगायला लावा: कोणती गोळी, कोणत्या वारी, जेवणाआधी की नंतर. दुभाषी ते इंग्रजीत सांगेल आणि नर्स समोरच्या कागदाशी ताडून पाहील.