अडुसष्ट लिंगांचा नकाशा: माय मॅप्स की लीफलेट?

संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, शहरातल्या अडुसष्ट शिवलिंगांच्या वाटेला निघतात. तीच वाट वेब-नकाशावर आणायची, असं मी प्रोजेक्टसाठी ठरवलं.

आधी गूगल माय मॅप्स. शीट चढवली की पिना आपोआप टोचल्या जातात, कोड शून्य. लिंक आजोबांना पाठवली, तर त्यांनी लगेच फोन करून एक पिन गल्ली सोडून पडलीय म्हणून सांगितलं! घाई असेल तर हेच बरं. पण थर दहाच मिळतात, आणि खालचा नकाशा गूगलचा. त्यात एखादा बोळ नसेल तर सुचवायचं नि वाट बघत बसायचं.

लीफलेट ही 2011 सालची मोफत जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे वेबपानावर नकाशा दाखवायचा तयार कोड. खाली ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा अंथरायचा, कोपऱ्यात त्याचं श्रेय द्यायचं. राहिलेला बोळ तिथे खातं उघडून आपणच काढू शकतो. माझा पहिला दिवस मात्र वाया गेला. लीफलेटला अक्षांश आधी लागतो, जिओजेसनला (नकाशावरची ठिकाणं साठवायच्या फाइलच्या प्रकाराला) रेखांश. मी 17.66 आणि 75.91 उलटे भरले आणि सिद्धेश्वर तलाव थेट स्वालबार्डच्या दक्षिणेला, आर्क्टिक समुद्रात! त्यानंतर हा क्रम कधी चुकला नाही.

शिकायचं म्हणून मी लीफलेटच धरलंय. आता पुढचा नकाशा पाण्याचा: आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. कुठल्या गल्लीत कुठला वार, हे रंगांनी दाखवायचंय. वार बदलला की रंग आपोआप बदलायला हवा, आणि लीफलेटमध्ये ते कोड लिहून मला हवं तसं करता येतं. आई रोज विचारतेय, झालं का?