वाडीच्या गोदामातलं पाणी तपासून घेतलं

नागपूरजवळच्या वाडीला आमचं किराणा मालाचं गोदाम आहे. बोअरचं पाणी क्रेट धुवायला आणि हमालांना प्यायला लागतं, म्हणून फूड लायसन्ससाठी आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे रिपोर्ट हवा होता. आधीच्या लॅबचा माणूस कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत पाणी घेऊन गेला. त्या रिपोर्टवर माझा विश्वासच बसला नाही. यावेळी तुमच्या लॅबमधून आलेल्या मुलीनं नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं शेकलं, दोन मिनिटं पाणी सोडलं, मग निर्जंतुक बाटली भरून थेट बर्फाच्या डब्यात ठेवली. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात हे फार महत्त्वाचं! टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ७४० मिलिग्रॅम निघाला. दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतो. टाकीत मात्र कोलिफॉर्म जिवाणू (पाणी दूषित असल्याची खूण) सापडले. टाकी घासून, क्लोरिन टाकून पुन्हा तपासलं, तेव्हा स्वच्छ आलं. रिपोर्टला आठ दिवस लागतात, तेवढं लवकर करा.