आधी आसनं की आधी ध्यान?

सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या बायकांना विचारा, दिवसभर मशीनवर वाकून मान आणि कंबर कशी धरते ते. मीही त्यातलीच. म्हणून माझा कौल आधी आसनांना.

सिद्धेश्वर तलावाच्या काठी पहाटे साडेपाचला चटई टाकते. उन्हाळ्यात सातनंतर ऊन सोसवत नाही. मार्जारासनात, म्हणजे मांजरीसारखं हात-गुडघ्यांवर राहून, श्वास घेताना पाठ खाली जाते, सोडताना वर येते. चार-पाच वेळा केलं की मणक्यांमधली गाठ सुटल्यासारखी वाटते. मग भुजंगासन, थोडे सूर्यनमस्कार, शेवटी शवासन. फरक त्याच दिवशी कळतो. पण मन? ते घरी परतताना पुन्हा हप्त्याच्या हिशोबात अडकतं.

ध्यानाचं उलट आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यान केंद्रात मी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पूर्ण मौन, मोबाईल जमा, फी नाही, शेवटी ऐच्छिक दान. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. दुसऱ्या दिवशी गुडघे इतके ठणकले की पळून जावंसं वाटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी तीच कळ नुसती पाहता आली, आणि वर्षानुवर्षं धरून ठेवलेला जावेवरचा राग माझा मलाच दिसला. एवढी मोकळीक आसनांनी कधी दिली नव्हती.

पण अंग आखडलेलं असताना तासभर बसणं फार जड जातं. आधी दोन-तीन महिने आसनं करा, मगच शिबिराचा अर्ज भरा. पाठीचं दुखणं जुनं असेल तर डॉक्टरांना दाखवूनच.