एअर प्युरिफायर आणि हवेचा मीटर: आठ महिने वापरून झाल्यावर

दोन्ही वस्तू मी एकाच दिवशी घेतल्या. बाबांच्या खोलीसाठी मध्यम आकाराचा एअर प्युरिफायर, आणि मुठीत मावेल असा पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, मोजणारा छोटा मीटर. मीटर घेण्यामागे हेतू एवढाच होता की प्युरिफायर खरंच काही करतो की नुसताच घुमतो, हे कळावं. आज आठ महिन्यांनी कुणी विचारलं की दोन्हींपैकी एकच ठेव, तर मी मीटर ठेवीन. प्युरिफायर वाईट निघाला म्हणून नाही. त्याने त्याचं काम केलं, पण मला चार गोष्टी शिकवल्या त्या मीटरने.

बाबांना जुना दमा. थंडीत रात्री दोन-तीनला उठून पलंगाच्या कडेला बसायचे, इन्हेलर शोधायचे. डॉक्टर दरवेळी सांगायचे, धूळ आणि धूर टाळा. आता कुठला धूर, कुठली धूळ? घर रस्त्यापासून आत, कुणी सिगारेट ओढत नाही, रोज ओल्या फडक्याने पुसणं होतं. मी समजून चालले होते की त्रास बाहेरून येतो, म्हणजे गाड्यांचा.

पहिल्याच आठवड्यात मीटरने तोंडात मारलं. सकाळी ३० च्या आसपास असलेला आकडा मी तळण काढायला घेतल्यावर दहा मिनिटांत ३४० वर गेला. स्वयंपाकघरात नाही, बाबांच्या खोलीत. तेल तापून त्यातून निळसर धूर सुटला की ते कण दारं ओलांडून घरभर जातात, आणि वास गेला तरी दीड-दोन तास हवेत तरंगत राहतात. दुसऱ्या दिवशी एक्झॉस्ट फॅन आधीच सुरू केला, खिडकी उघडली, बाबांच्या खोलीचं दार लावलं. तेच तळण, तेवढंच तेल, आणि आकडा ६० च्या वर गेला नाही. डास पळवायची कॉइल तर त्याच रात्री बंद झाली. बंद खोलीत तिचा आकडा बघितल्यावर ती पुन्हा पेटवायचा धीर झाला नाही.

हे आकडे मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये आहेत. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. मोठी धूळ नाकात, घशात अडकते आणि शिंकेवाटे, खोकल्यावाटे निघते. हे बारीक कण फुप्फुसांच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात, आणि त्यातले सर्वांत बारीक पुढे रक्तातही उतरतात. म्हणून प्रदूषणाने फक्त खोकला-दमा होतो ही माझी समजूत चुकीची होती. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्याशीही त्याचा थेट संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं, ज्या गटात तंबाखूचा धूर आहे.

मीटर घेणार असाल तर एक सेटिंग आधी बदला. माझा मीटर सुरुवातीला एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, दाखवायचा, आणि मी रंग बघून घाबरायचे किंवा निवांत व्हायचे. पण एक्यूआय प्रत्येक देशाचा वेगळा असतो. दिवसभराची सरासरी ५० मायक्रोग्रॅम असेल तर अमेरिकी निर्देशांक तिला नारिंगी रंग देऊन 'संवेदनशील लोकांसाठी हानिकारक' म्हणतो, आणि भारतीय निर्देशांक त्याच हवेला 'समाधानकारक' म्हणतो. हवा तीच, फुप्फुसं तीच. तेव्हापासून मी थेट मायक्रोग्रॅम बघते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस आहे २४ तासांच्या सरासरीला १५ आणि वर्षाच्या सरासरीला फक्त ५. प्युरिफायर अखंड चालू ठेवून बाबांच्या खोलीची थंडीतल्या महिन्यांची सरासरी १४ च्या खाली आली नाही. एवढा खटाटोप करून हे.

आता प्युरिफायरबद्दल.

खोक्यावर लिहिलं होतं, ४० चौरस मीटर खोलीसाठी. बाबांची खोली बाराच चौरस मीटरची, म्हणून मी खूश. नंतर लक्षात आलं की तो आकडा सर्वांत जास्त वेगाचा असतो, आणि त्या वेगाला यंत्र इतकं घोंघावतं की शेजारी झोपणं अशक्य. बघायचा असतो तो सीएडीआर, म्हणजे ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते तो आकडा. चार मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर. तासाला पाच वेळा सगळी हवा गाळून निघायला हवी असेल तर १८० लागतो. माझं यंत्र पूर्ण वेगात २५० देतं, पण झोपेच्या वेगात जेमतेम ८०. पूर्ण वेगात दार लावून ७० चा आकडा वीस-पंचवीस मिनिटांत १० वर येतो, हे मी कितीतरी वेळा मोजलंय. झोपेच्या वेगात तोच २० च्या आसपास अडून राहतो. त्यामुळे घेताना झोपेच्या वेगाचा सीएडीआर विचारा. विकणाऱ्याला तो बहुधा सांगता येत नाही, हा भाग वेगळा.

गाळणीचं काम मात्र चोख. हेपा म्हणजे काही जादू नाही, तंतूंचा दाट, घड्या घातलेला कागद. चाळणीसारखं तो काम करत नाही. मोठे कण तंतूंवर आदळून चिकटतात, अगदी बारीक कण वेडेवाकडे हेलकावत तंतूंना जाऊन लागतात, आणि मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे, पकडायला सर्वांत अवघड. म्हणून चाचणी त्याच मापाच्या कणांवर होते. साडेचार महिन्यांनी मी फिल्टर काढला. आतली बाजू पांढरीशुभ्र, बाहेरची काजळीसारखी करडी. बोट फिरवलं तर मऊ, जरा तेलकट. बाबा बराच वेळ ते बघत राहिले आणि म्हणाले, "हे सगळं माझ्या छातीत जाणार होतं?"

तक्रारी आहेत. यंत्रावरचा स्वतःचा सेन्सर जवळजवळ कायम हिरवाच असतो, कारण तो यंत्राला खेटून, त्याच यंत्राने गाळलेली हवा मोजतो. माझा मीटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ४५ दाखवत असताना हे महाशय ८ दाखवायचे. 'फिल्टर बदला' हा दिवा फक्त तास मोजतो, फिल्टर किती मळलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि फिल्टरला चिप आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाचा बसवायची सोय नाही. मी मागवला तेव्हा कंपनीकडे माल नव्हता. पाच आठवडे 'लवकरच उपलब्ध'. ग्राहक सेवेतल्या मुलाने तर मला खिडक्या उघड्या ठेवायचा सल्ला दिला.

त्या पाच आठवड्यांत एक उद्योग केला. २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या कल्पनेतून एक घरगुती खोका तयार झाला, चार-पाच चौकोनी फिल्टर आणि वर पंखा, सगळं चिकटपट्टीने जोडलेलं. मला चार फिल्टर मिळाले नाहीत, एकच टेबलफॅनच्या मागे चिकटवला. दिसायला भयाण, आवाज मोठा. पण ८० चा आकडा तासाभरात ३५ वर आला. मुद्दा गाळणी आणि वारा यांचा आहे, बाकी सगळी प्लास्टिकची सजावट.

यंत्रावर 'आयन' नावाचं एक बटण आहे. ते बंद ठेवा. अशा काही यंत्रांतून ओझोन निघतो, आणि दम्याच्या माणसाला ओझोन म्हणजे आगीत तेल. वास शोषणारा कार्बनचा थर माझ्या यंत्रात पोस्टकार्डाएवढा पातळ. शेजारी रंगकाम झालं तेव्हा कण गेले, वास दोन दिवस तसाच. वायू शोषायला कार्बन भरपूर लागतो, आणि तो लवकर भरतो. झाडांचंही सांगून टाकते, कारण मी आधी सहा कुंड्या आणल्या होत्या. झाडं घरातली हवा शुद्ध करतात हा समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगापासून पसरला, पण तो प्रयोग छोट्या, हवाबंद पेटीतला होता. २०१९ च्या एका आढाव्यात हिशेब मांडला तर नेहमीच्या खोलीत तसा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील असं निघालं. कुंड्या अजून आहेत, दिसायला छान आहेत.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. प्युरिफायर हवा आत आणत नाही, आहे तीच गाळतो. दारं-खिडक्या गच्च लावून दोन माणसं झोपली की पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड १८०० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत १८०० भाग) जातो, बाहेर तो ४२० च्या आसपास असतो. माझा मीटर तोही दाखवतो म्हणून कळलं. डोकं जड होऊन उठायचो, दोष झोपेला द्यायचो. आता खिडकी बोटभर उघडी ठेवतो आणि यंत्र एक पायरी वर.

मीटरही काही देव नाही. आत एक लेझर आणि एक इवलासा पंखा असतो, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजून तो अंदाज बांधतो. दाट धुक्यात पाण्याच्या थेंबांनाच तो कण समजतो. एकदा बाबांच्या खोलीत ५०० च्या वर गेला, माझ्या हातापायातलं बळ गेलं. खिडकी बंद, काही जळत नाही. शेवटी कळलं की हवा दमट करणारा नवीन ह्युमिडिफायर. नळाच्या पाण्यातले क्षार तो वाफाऱ्याबरोबर हवेत उडवत होता. डिस्टिल्ड पाणी घातलं आणि आकडा बसला. दुसऱ्यांदा दोन दिवस ९९९ वर अडकला होता, तेव्हा तोंडाशी एक धागा गेलेला निघाला. फुंकणीने गेला. शिवाय ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड हे वायू त्याला दिसतच नाहीत.

सर्वांत मोठा धक्का रात्रीच्या आलेखाने दिला. मला वाटायचं, आकडा सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी चढत असेल. थंडीत तो रात्री दहानंतर चढू लागायचा, पहाटे पाच-सहाला कळस, आणि दुपारी तीनला सर्वांत कमी. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर तेवढाच, पण कोंडायला जागा थोडी. ऊन चढलं की झाकण उघडतं. बाबा वर्षानुवर्षं पहाटे साडेपाचला फिरायला जायचे.

"पहाटेची हवा कधी वाईट असते का गं?"

"बाबा, तुम्हीच बघा." पंधरा दिवसांचे आकडे मी त्यांना कागदावर लिहून दिले. आता ते थंडीत ऊन वर आल्यावर निघतात. उन्हाळ्यात पुन्हा सकाळी, कारण कडक उन्हात दुपारी ओझोन वाढतो.

बाबांचा त्रास कमी झाला का? हो, रात्रीचं उठणं बरंच कमी झालं. पण याच काळात डॉक्टरांनी इन्हेलर ओढायची पद्धतही सुधारून दिली, त्यामुळे सगळं श्रेय मी यंत्राला देणार नाही.

एका संध्याकाळी सगळं बंद असताना आकडा २१० वर गेला. मीटर हातात घेऊन बाहेर पडले. पन्नास पावलांवर २६०, वळणावर ४००, आणि पुढे कोपऱ्यात पाचोळ्याचा ढीग धुमसत होता, त्यात प्लास्टिकही. तिथल्या झाडणाऱ्या मावशींना आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, "उचलायला कुणी येत नाही, मग मी काय करू?" बरोबरच होतं. चार घरांनी मिळून मागच्या बाजूला पानांसाठी खड्डा केला, प्लास्टिक वेगळं. तेव्हापासून तसली संध्याकाळ पुन्हा आलेली नाही. जे काम माझं यंत्र एका खोलीत, वीज आणि फिल्टर खाऊन अर्धवट करत होतं, ते आख्ख्या वस्तीसाठी त्या खड्ड्याने केलं.

त्यानंतर वाचत गेले तेव्हा मोठ्या प्रमाणावरही तेच दिसलं. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन पाच दिवस कोळशाच्या धुरक्यात बुडालं, हजारो माणसं गेली. मग १९५६ चा कायदा आला आणि घराघरांतल्या धुराच्या चुलीच बदलाव्या लागल्या. बीजिंगची वार्षिक सरासरी २०१३ मध्ये ९० च्या जवळ होती, २०२१ मध्ये ३३. तिथेही कोळशाच्या भट्ट्या, कारखाने, जुन्या गाड्या यांना हात घातला गेला. आणि तरीही लंडनमध्येच, वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा २०१३ मध्ये दम्याने गेली. २०२० मध्ये तिथल्या न्यायिक चौकशीत मृत्यूच्या कारणांमध्ये हवेचं प्रदूषण नोंदवलं गेलं.

नवीन फिल्टर शेवटी आला, बसवलाय, यंत्र चालू आहे. घरात दमेकरी, लहान मूल किंवा हृदयरोगी असेल तर घ्या, खोलीच्या मानाने मोठा घ्या, दार लावून वापरा. मीटर सध्या माझ्याकडे नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू आठ दिवसांसाठी घेऊन गेल्या, त्याला आता महिना होईल. परवा त्यांचा फोन आला, मागे कढईचा आवाज.

"अगं, हा ३८० दाखवतोय. बिघडलाय का?"