मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबची पुडी: पैसे दोन औषधांचे, काम एकाचं

बटाट्यावर करपा आलाय म्हटलं की सोलापुरातल्या बहुतेक कृषी सेवा केंद्रांत हीच पावडर पुढे येते. कंपनी कुठलीही असो, आत बहुतेकदा दोन बुरशीनाशकं: मेटॅलॅक्झिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के. मात्रा एकरी एक किलो, १६ लिटरच्या पंपाला ४० ग्रॅम.

पण आधी करपा कोणता ते बघा. आपल्या कोरड्या हवेत बहुतेकदा लवकरचा करपाच असतो: खालच्या जुन्या पानांवर तपकिरी ठिपके, आत एकात एक वर्तुळं. त्यावर मेटॅलॅक्झिल कामच करत नाही. साधं मॅन्कोझेब घ्या, स्वस्तात पडेल. ढगाळ थंडी आणि सकाळी उशिरापर्यंत दव राहिलं तरच उशिराच्या करप्याचा संशय घ्यायचा. डागाचं पान ओल्या कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या बाजूला, डागाच्या कडेने पांढरी लव दिसली तर तोच.

आणि नेमका तिथेच या पुडीचा भरवसा उरलेला नाही. या रोगाचा जीव फायटोप्थोरा इन्फेस्टन्स. त्याचा १३-ए२ हा प्रकार २००४ मध्ये युरोपात सापडला, पुढे भारतातही आला आणि २००९-१० च्या सुमारास शेजारच्या कर्नाटकात टोमॅटो जाळून गेला. मेटॅलॅक्झिलला तो जुमानत नाही. एकच औषध मारत राहिलं की मरणारे मरतात, दाद न देणारे उरतात आणि चार-पाच दिवसांत त्यांचीच हुबेहूब पिल्लावळ शेतभर होते. बेणं बाहेरून येतं, त्यासोबत प्रकारही येतो. म्हणून गेल्या हंगामात गुण आला, हा पुरावा यंदा चालत नाही. या जीवाचे ए१ आणि ए२ असे नर-मादीसारखे दोन गट असतात. ते एकाच शेतात भेटले तर त्यांचे जाड सालीचे बीजाणू जमिनीत टिकतात, संकरातून नवे प्रकारही निघतात. ते आणखी वाईट.

थोडक्यात पुडीतलं मॅन्कोझेब कामाचं, पण ते पानावरच बसतं. आत शिरलेला रोग त्याला आवरत नाही. रोग दिसायच्या आधी नुसतं मॅन्कोझेब, दिसल्यावर सायमॉक्झॅनिल-मॅन्कोझेब, पुढच्या फेरीला डायमेथोमॉर्फ किंवा मॅन्डिप्रोपॅमिड. ही शेवटची दोन एकाच पद्धतीने काम करणारी, एकाच गटातली आहेत, एकापाठोपाठ मारली तर औषध बदललं असं होत नाही. दुकानदार हे सांगत नाही.

पावडर आधी डब्यात थोड्या पाण्यात कालवा, मग पंपात ओता. थेट टाकली तर तळाशी बसते आणि नोझल तुंबतं. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, लव तिथेच असते.