ॲसिडची बाटली बंद केली, त्याला नऊ महिने झाले

आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, जानेवारीत पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी मी बाथरूम चकाचक करायला घेतलं. हातगाडीवरून घेतलेलं संडास धुण्याचं ॲसिड टाकलं, डाग हलेनात म्हणून वरून ब्लीचिंग पावडर भुरभुरली. दोन मिनिटांत डोळे झोंबायला लागले, घसा आवळला आणि मी खोकत ओट्यावर येऊन बसले. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो हे शाळेत शिकलेलं, पण ऐन वेळी कुठं आठवतंय! सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाहुणे आपल्याला बघायला येतायत, संडास बघायला नाही." त्या दिवसापासून ॲसिड बंद.

आता त्याऐवजी केलेल्या घरगुती सफाईचा खरा अनुभव. आमच्याकडे दोन न्हाण्या आहेत. खालची जुनी, शहाबादी फरशीची. वरची सात वर्षांपूर्वीची, टाइल्सची. नळाला उजनी धरणाचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ते प्यायला आणि स्वयंपाकाला, बाकी सगळं बोअरवर. बोअरचं पाणी म्हणजे क्षार. तोट्यांवर पांढरी पुटं, बादलीला खरखरीत कडा, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

पहिला महिना खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकण्यात गेला. काय फसफसायचं! बघायला मजा यायची, डाग मात्र तिथंच. आमच्या कामाच्या मावशी एकदा म्हणाल्या, "वहिनी, फसफसतंय म्हणून साफ होतंय वाटतंय. जोर तर मलाच लावावा लागतोय की." अगदी बरोबर बोलल्या. एक आम्ल, एक अल्कली. दोघं एकमेकांनाच मारून टाकतात आणि खाली उरतं खारट पाणी. आणि हे मिश्रण बाटलीत भरून झाकण लावून तर मुळीच ठेवू नका, वायूनं बाटली फुटते. तेव्हापासून मी दोन्ही वेगवेगळ्या दिवशी वापरते.

क्षारांवर खरं काम केलं ते लिंबूसत्त्वानं, म्हणजे सायट्रिक ॲसिडनं. मधल्या मारुतीजवळच्या किराणा दुकानातून पाव किलो आणलं, दोन-अडीच महिने पुरतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, स्प्रेच्या बाटलीत. हातमोजे घालायचे, बोटाला चीर असली तर चांगलंच झोंबतं. शॉवरची चाळणी काढून मगात अर्धा तास बुडवली आणि जुन्या टूथब्रशनं घासली, तर सगळी भोकं मोकळी. संडासाच्या भांड्यातला पिवळा कडा काढायला आतलं पाणी डब्यानं उपसून चार चमचे पावडर कोमट पाण्यात कालवून रात्रभर ठेवली. उकळतं पाणी नाही हं, भांड्याला तडा जाईल. एका रात्रीत गेला नाही, तिसऱ्या खेपेला गेला. ज्यांना पाच मिनिटांत पांढरंशुभ्र हवंय त्यांचं यानं समाधान होणार नाही.

तोटीच्या बाबतीत मात्र मी फसले. पिशवीत द्रावण भरून तोटीला बांधलं आणि विसरून झोपले. सकाळी मुलामा काळवंडलेला. ती तोटी अजून तशीच आहे. पंधरा-वीस मिनिटं पुरे, मग लगेच धुवायचं.

पण सगळ्यात मोठा धडा शिकवला खालच्या फरशीनं. वरती एवढं छान झालं म्हणून उत्साहात तेच पाणी शहाबादीवर ओतलं. बारीक बुडबुडे आले, मला वाटलं मळ निघतोय. वाळल्यावर बघते तर फरशीवर पांढुरके, खरबरीत पट्टे. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. नळावरचं पुट आणि पायाखालची फरशी, दोघी सख्ख्या बहिणी. एकीला विरघळवणारं दुसरीला कसं सोडेल? कडप्प्याचंही तेच, संगमरवराचंही तेच. लिंबू, चिंच, व्हिनेगर, सगळं तिथं वर्ज्य. आणि मग लक्षात आलं की इतकी वर्षं ॲसिड टाकून आम्हीच ती फरशी खरवडत होतो आणि खरबरीत झाली म्हणून तिच्यात मळ जास्त बसत होता. जास्त मळ, जास्त ॲसिड. शंका असेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर तिथं आंबट काही नको.

आता तिथं धुण्याचा सोडा वापरते. अर्ध्या बादली गरम पाण्यात दोन चमचे, हातमोजे घालूनच, आणि काथ्यानं घासायचं. साबणाचा चिकट थर निघतो. रात्री भिजवलेल्या रिठ्यांचं पाणी ओतलं तर आणखी सोपं. रिठ्याचा फेस डोळ्यात गेला तर मात्र आई गं.

बायो-एन्झाइम, म्हणजे साली आंबवून केलेलं सफाईचं पाणी, तेही करून पाहिलं. 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम लिंबा-संत्र्यांच्या साली, एक लिटर पाणी, तीन महिने. प्लास्टिकचीच बाटली, आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून हवा सोडायची. एप्रिलात दोन दिवस मी माहेरी, उन्हाचा पारा वर, बाटली टम्म फुगून झाकण उडालं आणि भिंतीवर गुळाचं पाणी. मुंग्यांची जत्रा! उरलेलं पाणी वासाला बरं आहे, रोजच्या पुसण्याला चालतं, क्षारांना मात्र दाद देत नाही. मी पुन्हा केलं नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. यातलं काहीही जंतू मारण्याच्या भरवशाचं नाही. पावसाळ्यात धाकट्याला जुलाब झाले तेव्हा मी सरळ ब्लीचिंग पावडर काढली. खिडकी उघडी, आणि त्याच्या आधी-नंतर लिंबूसत्त्वाला हात नाही, कारण या दोघांतूनही तोच घसा आवळणारा वायू सुटतो. तसंच, नैसर्गिक म्हणजे पोरांच्या हाती लागलं तरी चालेल असं नव्हे. वासासाठी ठेवलेला कापूर पोटात गेला तर तोही विषच. सगळं वरच्या फळीवर.

खर्च घटला, पण पाणी वाचलं ते जास्त महत्त्वाचं. ॲसिड टाकलं की वास जाईपर्यंत बादल्यांवर बादल्या ओतायच्या. इथल्या पाण्यात ते कुठं परवडायचं? आणि खरं सांगू, सगळ्यात उपयोगी पडलं ते वायपर. शेवटी अंघोळ करणाऱ्यानं फरशी ओढायची, तोट्या जुन्या सोलापुरी टॉवेलच्या तुकड्यानं पुसायच्या. पाणी वाळलंच नाही तर पुट धरणार कशाचं? नवऱ्याला ही सवय लावायला मात्र पाच महिने लागले.

परवा मावशींनी लिंबूसत्त्वाची थोडी पुडी बांधून नेली. त्या गेटापर्यंत पोचल्या आणि मला आठवलं, त्यांच्या मोरीतही शहाबादीच आहे. तशीच अनवाणी मागे धावले.